बॉयलरपुढची जोडी

कारखान्यामागची वस्ती
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून माधुरीवहिनींकडून चाकणचा पत्ता मागून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस. हे पत्र मी तात्यांच्या वतीने लिहीत नाही. तात्यांना ते माहीतही नाही. ते तुझं नाव काढत नाहीत.

किसन गेल्याचं तुला कळलं असेलच. जूनमध्ये कारखाना बंद असताना सांडपाण्याची टाकी साफ करायला ठेकेदाराने दरवर्षीप्रमाणे आपल्या वस्तीतली टोळी नेली. किसन आधी उतरला. खालचा गाळ ढवळला की त्यातून वायू निघतो. तो खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या आईला, भीमाबाईंना, सांगायला आपली आई गेली. संघटनेने फाटकावर श्रद्धांजलीचा फलक लावला आणि भोंगा वाजवला. किसनच्या बायकोने, आरतीने, कारखान्याकडे दोनच गोष्टी मागितल्या: आपल्याला काम द्यावं आणि टाकीत माणूस उतरवणं बंद करावं. अर्ज मी लिहून दिला होता. किसन ठेकेदाराचा माणूस, कारखान्याचा नाही, असं उत्तर आलं.

काल काकासाहेब घरी आले होते. संघटनेचे सेक्रेटरी झाल्यापासून आपल्या उंबऱ्यात ते पहिल्यांदाच आले. तात्यांना म्हणाले, "रखमाजी, औंदा बॉयलरच्या पूजेला कामगाराची जोडी तुमची. तुमी आन वहिनी."

दसऱ्याला बॉयलर पेटवतात तेव्हा चेअरमन आणि त्यांच्या पत्नीबरोबर एक कामगार जोडपं बसतं, हे तुला माहीत आहे. आपल्यातलं आजवर कुणी बसलेलं नाही. तात्यांनी उभी हयात तो बॉयलर पेटता ठेवला, पण पूजेच्या वेळी ते मागच्या अंगाला वाफेच्या काट्याकडे बघत उभे असतात.

आई आतून म्हणाली, "भाऊ, आमी पूजा सोडल्याली मान्सं. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"अवो वहिनी, पूजा कसली, मान हाय. दिसू द्या गावाला, संघटना जातपात मानत न्हाई. किसनचं झालं त्याला ह्याच्याहून चांगलं उत्तर कोनतं?"

"किसनच्या बायकोला काम. ते उत्तर हाय."

काकासाहेब हसले. चहा पूर्ण प्यायले आणि जाताना आपला कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. माणूस वाईट नाही दादा. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

ते गेल्यावर आई तात्यांना म्हणाली, "ज्या दसऱ्याला मामंजींनी धम्म घेऊन देव गंगेत सोडलं, त्याच दसऱ्याला मी त्या आगीला हळद-कुंकू वाहू?" काकासाहेबांना हे सुचलंही नसेल. त्यांचा दसरा वेगळा आहे.

तात्या नाही म्हणाले नाहीत, हे मी बघितलं. तू एकदा त्यांना म्हणाला होतास की तुमची संघटना वरच्या जातींची आहे, तुमची नाही. त्यावरून तुमचं तुटलं. ते परत म्हणू नकोस. फक्त दोन ओळी लिही, बसू नका म्हणून. माझं ते ऐकत नाहीत.

मी ठेकेदाराकडेच आहे. माझं ठीक चाललं आहे.

तुझा,
सम्राट


६ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. आता उशीर झाला आहे, तरी कळवतो.

मागच्या आठवड्यात कामगार हॉलमध्ये संघटनेची सर्वसाधारण सभा झाली. ठेक्यावरची माणसं सभासद नसतात, म्हणून आम्ही दारात उभे होतो. काकासाहेबांनी पूजेचं जाहीर केलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तात्या उठले. मी त्यांना कधी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी बसतो. माजी बायको बी बसंल. पन माजी एक अट हाय. आरतीला काम आन टाकीत मानूस न्हाई, हे लिहून मिळालं न्हाई, तर हंगाम सुरू झाला की एक पाळी गव्हाण बंद ठेवायची. समद्यांनी."

गव्हाण बंद म्हणजे ऊस आत जाणं बंद, म्हणजे कारखाना बंद. पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "रखमाजी, मान देतोय तर सौदा करतोस व्हय रं?" सगळे हसले.

दुसरा म्हणाला, "किसनचा अपघात हुता. त्यात जात कुठं आली? वायूला काय जात कळती?"

तेव्हा वर्कशॉपचे फिटर गनीभाई उठले. "वायूला न्हाई कळत. ठेकेदाराला कळती. टाकीत उतरल्याला एक पाटील दाखवा मला. एक शेख दाखवा. मी सोता शेख हाय, मला बी कवा कुनी बोलावलं न्हाई बाबा, एवढा गरीब असून!"

परत हसले, पण या वेळी हसू लवकर संपलं. काकासाहेबांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. ठराव झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी कुणाचे हात अर्धेच वर आहेत ते बघत राहिलो.

वस्तीत मात्र आग लागली आहे. विहारातल्या बैठकीत लोक तात्यांसमोरच म्हणाले, "बापानं मिळवलं ते पोरानं घालवलं." तात्यांनी ऐकून घेतलं. आई त्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते. काल तात्या तिला म्हणाले, "भागीरथी, त्यांनी आपल्यासाठी कायतरी मोडायचं तर आपल्याला बी कायतरी मोडावं लागंल."

आई एवढंच म्हणाली, "पयलं आपुनच का?"

आज दुपारी भीमाबाई आल्या. काही मागितलं नाही. आईच्या शेजारी बसून तिच्याबरोबर लसूण सोलला आणि गेल्या. त्या गेल्यावर आईने ट्रंकेतून विहारात नेसायची पांढरी साडी काढून उन्हात टाकली.

तुझा,
सम्राट


१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

बसले दोघं.

भटजींनी तात्यांना गोत्र विचारलं. तात्या म्हणाले, "न्हाई." भटजी म्हणाले, "मग कश्यप म्हणा. ज्याला माहीत नसतं त्याचं कश्यप." तात्या म्हणाले, "कश्यप." मागे बॉयलर हाउसची मंडळी होती, त्यांतला एकही हसला नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

भटजींनी सांगितलं ते सगळं आईने केलं. पाणी सोडलं, फूल वाहिलं, बॉयलरच्या दाराला कुंकू लावलं. मग चेअरमनच्या पत्नी आईला कुंकू लावायला पुढे झाल्या. आईने मान मागे घेतली. फारशी नाही, बोटभर. सगळ्यांनी बघितलं. त्या बाई समजूतदार निघाल्या. "असू द्या," म्हणाल्या आणि ते बोट त्यांनी स्वतःच्याच कपाळाला लावलं. फोटो बरेच निघाले. प्रसाद घेऊन काही जण बाजूला गेले, ते तो टाकतात का हे बघायला मी मुद्दाम मागे गेलो नाही. गनीभाईंनी मागून दुसरा घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "वहिनींच्या हातचा हाय, सोडतो व्हय?"

तिथून आई सरळ विहारात आली. धम्मदिनाची वंदना चालू होती. ती मागे बसली. बायकांनी सरकून जागा दिली, जरा जास्तच जागा दिली. तेवढ्या जागेत आई एकटी बसली होती.

घरी आल्यावर तात्यांनी मला विचारलं, "चाकनला पत्र टाकतोस न्हवं?" म्हणजे त्यांना माहीत होतं. मी हो म्हणालो. "ह्यातलं समदं लिहू नगंस," म्हणाले. त्यांनी काय वगळायला सांगितलं ते मला कळलं नाही, म्हणून सगळं लिहिलं.

तुझा,
सम्राट


१२ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
जय भीम.

कारखान्याकडून लिहून काही मिळालं नाही, म्हणून ठरावाप्रमाणे परवा गव्हाण बंद ठेवायची होती.

सकाळी भोंगा झाला. आम्ही टाकीच्या टोळीतले सगळे फाटकापाशी बसलो. आरती आणि भीमाबाई आल्या. गनीभाई वर्कशॉपमधल्या चार-पाच जणांना घेऊन आले आणि मातीतच बसले. मग आम्ही गव्हाणीच्या आवाजाकडे कान लावून बसलो. तो आवाज थांबला नाही.

काकासाहेब हातात काळ्या फितींचा गठ्ठा घेऊन फाटकात उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला स्वतः बांधत होते. गनीभाई बसल्या जागेवरून म्हणाले, "काकासाहेब, ठराव बंदचा हुता. ही काय राखीपुनव हाय का?"

"गनीभाई, आवारात गाड्या उभ्या हायती. शेतकऱ्याचा ऊस वाळला तर उद्या गाव आपल्याला फिरू द्यायचं न्हाई. आज फिती लावू. पुढं बघू."

"किसनला पुढं न्हाई बघता येत," गनीभाई म्हणाले.

काकासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी एक फीत आणून गनीभाईंच्या दंडाला बांधायला घेतली. गनीभाईंनी हात काढून घेतला.

तू विचारशील, तात्या कुठे होते. तात्या कामावर होते. पेटता बॉयलर टाकून फायरमनला जाता येत नाही. वाफ वाढली तर माणसं मरतात, त्यामुळे बदली आल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही, आणि त्या दिवशी बदली द्यायला कुणी तयार झालं नाही. जी गव्हाण बंद पडावी म्हणून ते पूजेला बसले, ती दिवसभर त्यांनीच दिलेल्या वाफेवर चालली. हे मी तुला लिहितोय कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू हसशील.

पाळी सुटल्यावर ते आले आणि गनीभाईंच्या शेजारी बसले. गनीभाई म्हणाले, "या रखमाजीभाऊ. लगीन लागलं, जेवनं झाली, आता नवरदेव आला." तात्या हसले. खरंच हसले.

गनीभाईंना आज वर्कशॉपमधून काढून गोदामात टाकलं. आणि मी ठीक आहे असं तुला लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. आरतीचा अर्ज माझ्या अक्षरात आहे हे ओळखल्यापासून ठेकेदार मला बोलावत नाही. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात टेम्पोत जनावरं चढवायला जातो. आईला वाटतं मी रोज कामावर जातो. का कोण जाणे, पण डबा ती आता थोडा जास्त भरते.

तुझा,
सम्राट


१८ मार्च २०२५

प्रिय दादा,
जय भीम.

वहिनी म्हणाल्या की माझी पत्रं तू वाचतोस आणि घडी करून ठेवतोस. एवढं पुष्कळ आहे.

आरतीने वर तक्रार केली होती की टाकीत फक्त एकाच वस्तीची माणसं उतरवतात. त्यावर कारखान्याने एक निवृत्त अधिकारी नेमून चौकशी लावली. काल गेस्ट हाउसमध्ये ती झाली. आरतीच्या बाजूने तात्या, आई, मी आणि गनीभाई होतो.

कारखान्याच्या वकिलांनी पहिल्यांदा एक मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला. दसऱ्याचा. तात्या, आई, शेजारी चेअरमन आणि त्यांच्या पत्नी. मग काकासाहेबांना बोलावलं. हे जोडपं कुणी सुचवलं? "संघटनेनं," काकासाहेब म्हणाले. व्यवस्थापनाने हरकत घेतली का? "न्हाई." ते खोटं बोलले नाहीत. फक्त फोटोकडे बघत नव्हते.

वकील म्हणाले, "ज्या कारखान्यात या समाजाच्या जोडप्याला चेअरमनसाहेबांच्या शेजारी पूजेचा मान मिळतो, तिथे भेदभाव होतो असं म्हणणं कितपत योग्य?" मग तात्यांना विचारलं, "हे तुम्हीच ना?"

तात्या फोटोवर वाकून बघत राहिले. आपण ज्याच्यासाठी ते केलं त्याच्याच विरुद्ध ते ठेवलेलं त्यांना दिसत होतं.

आई उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "व्हय, आमीच हाय," ती म्हणाली. "पूजेला मानूस पायजे हुता तवा आमच्या वस्तीत आलात. टाकीत मानूस पायजे हुता तवा बी आमच्याच वस्तीत आलात. पूजेला एकदा आलात. टाकीला दरसाल येता. त्याचा फोटू कुठं हाय?"

अधिकाऱ्यांनी लिहून घेणाऱ्याला खूण केली. थोड्या वेळाने कागद सहीला आला. आई म्हणाली, "सम्राट, वाच." मी वाचला. 'फोटोतील स्त्री मीच आहे,' एवढंच वाक्य होतं. शुद्ध होतं, एक चूक नव्हती.

मी आईला तसं सांगितलं. आईने पेन खाली ठेवलं. अधिकारी म्हणाले, "काकासाहेब, समजावा यांना." काकासाहेब अगदी हळू म्हणाले, "त्या म्हनत्यात ते लिहा की साहेब." साहेबांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही. आईने सही केली नाही. सही नाकारली, एवढा शेरा मारून चौकशी संपली.

येताना तात्या आईच्या मागून चालत होते. तिच्या पुढे गेले नाहीत.

तुझा,
सम्राट


४ मे २०२५

प्रिय दादा,
जय भीम.

चौकशीचा निकाल तुला कळला असेल. भेदभाव आढळला नाही. आरतीला काम नाही. संघटनेच्या फलकावर निषेधाचं पत्रक लागलं, त्याच्यावर आता कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका चिकटवली आहे.

हंगाम संपला. टाकी उघडायचे दिवस आले. सगळ्या वस्तीने विहारात बसून ठरवलं की या वेळी कुणीही उतरणार नाही. त्या बैठकीला आईला पुढे बसवलं. ठेकेदाराचा मुकादम आज सकाळी जीप घेऊन आला. नेहमीच्या जागी, पिंपळाखाली हॉर्न वाजवत थांबला. एक दार उघडलं नाही. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. मुकादमाने बिडी ओढली, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि जीप वळवून गेला.

वस्तीत अक्षरशः सण झाला. पोरांनी घोषणा दिल्या. कुणी तरी पेढे आणायला धावलं. मला वाटलं तुला हे पत्र आनंदाचं लिहायला मिळणार. मी कागद घेऊनही बसलो होतो.

मग आरती आली. ती पाण्याला कॅनॉलवर गेली होती. म्हणाली, जीप तिकडच्या भिल्ल वस्तीत उभी आहे. मुकादम झोपड्या-झोपड्यांतून माणसं गोळा करतोय. रोजची हजेरी जास्त द्यायची कबूल केली आहे. त्या माणसांनी टाकी आतून कधी बघितलेलीसुद्धा नाही. आधी कोण उतरतं, गाळ किती हळू हलवायचा, दोर कुठे धरायचा, त्यांना काही माहीत नाही. आज दुपारीच त्यांना नेणार आहेत.

पिंपळाखाली जमलेल्यांपैकी विहारात सगळ्यात मोठ्याने बोलणारा म्हणाला, "आता त्याला आपुन काय करनार? आपली सुटका झाली न्हवं? त्येंचं ते बघतील."

दुसरा म्हणाला, "त्येंनी आपल्याला कवा इचारलं?"

दादा, असलीच वाक्यं मी ऐकलेली आहेत. कामगार हॉलच्या दारात उभं राहून. तेव्हा बोलणारे दुसरे होते.

गनीभाई पेढा खायला म्हणून आले होते. त्यांनी पेढा परत कागदात ठेवला. तात्यांकडे बघितलं फक्त. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पायाने चपला शोधल्या. भीमाबाई म्हणाल्या, "रखमा, उनाचं कुठं निगालास?" तात्या म्हणाले, "कॅनॉलकडं. त्येंला सांगाय पायजे." एवढंच. आवाज नेहमीचाच होता.

"ऐकतील का ती मान्सं?" कुणी तरी विचारलं. तात्या म्हणाले, "न्हाई ऐकायची. हजेरी जास्त हाय."

आई आतून डोक्यावर पदर घेत आली. दसऱ्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. आता ती त्यांच्या बरोबरीने चालायला लागली. मागून आरती, मग गनीभाई. एवढेच. बाकी वस्ती पिंपळाखाली उभी आहे. पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर उघडाच आहे.

तू बरोबर होतास की तात्या, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि आत्ता वेळ नाही. ते चौघं कॅनॉलच्या पुलापर्यंत पोहोचले असतील. इथून मला दिसत नाहीत. मी पाचवा होतोय, म्हणून पत्र अर्धवट ठेवतो.

सम्राट